गांधीलमाश्या एकत्र राहायला कितीदा शिकल्या?

गांधीलमाश्यांच्या समाजजीवनाविषयी वाचायला घेतले की सुरुवातीलाच एक शिडी समोर येते, आणि ती इतकी पटणारी असते की तिच्याबद्दल शंका घ्यावी असे वाटतच नाही. सर्वांत खालच्या पायरीवर कुंभारीण असते. ही मादी एकटी राहते, चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीवर किंवा काटकीवर लहानसे मडके घडवते, आतल्या बाजूला बारीक धाग्याने एक अंडे टांगते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. आत गेली अळी आणि काही दिवसांनी बाहेर पडली माशी, हे आपल्याकडच्या लोकांनी फार पूर्वीच टिपले होते; भ्रमरकीटक न्याय याच निरीक्षणावर उभा आहे. मधल्या अंड्याची गोष्ट तेवढी मडक्याच्या आत झाकलेली राहिली. दुसऱ्या पायरीवर एकाच घरात राहणाऱ्या, पण आपापली पिल्ले आपणच सांभाळणाऱ्या माद्या; तिसऱ्या पायरीवर राणी आणि कामकरी असा कच्चा भेद असलेली दहा-पाच जणींची कुटुंबे; त्यावर कागदी पोळी बांधणाऱ्या नेहमीच्या गांधीलमाश्या; आणि सर्वांत वर आकाराने वेगळी राणी व हजारो कामकरी असलेल्या व्हेस्पा आणि व्हेस्प्युला या प्रजातींच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांतल्या, गांधीलमाश्या.

या मांडणीत अडचण अशी आहे की तिच्या सर्व पायऱ्यांवरच्या माश्या आज जिवंत आहेत. आजची कुंभारीण ही आजच्या गांधीलमाशीची आजी नव्हे; दोघींचा कुणी समाईक पूर्वज कधी तरी होऊन गेला, आणि तेव्हापासून दोघींच्या मागे सारखाच काळ उलटलेला आहे. म्हणून कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर हे पायऱ्यांकडे पाहून ठरत नाही. त्यासाठी आधी वंशवृक्ष लागतो, म्हणजे कोणाची फांदी कोणाच्या फांदीपासून फुटली याचा पुराव्यानिशी काढलेला आराखडा, आणि त्या आराखड्यावर मग मातीचे मडके, कागदी पोळे, राणी, कामकरी ही लक्षणे मांडून पाहावी लागतात. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या कपाटाला चिकटवायच्या चिठ्ठ्या, असा समज सर्रास आढळतो. गांधीलमाश्यांच्या बाबतीत मात्र वर्गीकरणातला एक बदल समाजजीवनाच्या उगमाची सगळी कथा बदलून गेला, आणि ती हकीकत मला फार मोलाची वाटते.

आधी प्रत्यक्ष माशीकडे पाहू. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्जाखाली रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचे पोळे असते. तांबूस तपकिरी अंग, पोटाला पिवळसर कडे, आणि बसल्यावर पुढचे पंख लांबीच्या दिशेने घडी पडून चिंचोळे झालेले. पोळे झाडाच्या वाळक्या सालीचे तंतू चघळून केलेल्या राखाडी कागदाचे, उघडे, एका बारीक देठावर लोंबणारे. बाहेरून एखादी कामकरी माशी जबड्यात हिरवट ओला गोळा घेऊन उतरते; तो चघळलेल्या अळीचा असतो. दोघी-तिघी लगेच तिच्याजवळ येऊन त्यातला वाटा काढून घेतात, पुन्हा चघळतात, आणि एकेका घरात डोके घालून आतल्या अळीला भरवतात. घरातली अळी खाली डोके करून असते आणि भरवणारीला तोंडाशी लाळेचा थेंब देते. या सगळ्या वर्दळीत राणी कोणती, हे कितीही वेळ पाहिले तरी वागण्यावरून सहजी कळत नाही. ती कोणाला मारत नाही, हाकलत नाही. फार तर एखादी माशी पोटाचे टोक कागदावर घासत सावकाश फिरताना दिसते. राणी आपला गंध अशा रीतीने पोळ्यावर पसरवते आणि तेवढ्याने इतरांना तिचे अस्तित्व कळत राहते. राणी नाहीशी झाली तर एक कामकरी माशी एकाएकी कमालीची आक्रमक होते, आणि काही दिवसांत अंडी घालू लागली की तीही तशीच शांत होते. हे सर्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार दशकांहून अधिक काळ माश्यांवर रंगाचे ठिपके लावून, एकेकीची नोंद ठेवून दाखवून दिले. लोक अशी पोळी दिसली की रॉकेलचा बोळा पेटवतात याचे मला वाईट वाटते, कारण जगातल्या सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या कीटकसमाजांपैकी एक तिथे छपराखाली चाललेला असतो.

याच पोळ्यावर कधी कधी व्हेस्पा ट्रॉपिका ही काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी येते. ती आली की कामकरी माश्यांचे फारसे काही चालत नाही. ती घरे फोडून अळ्या आणि कोश घेऊन जाते. बंगळूरच्या संस्थेत अभ्यासासाठी पोळी ठेवलेल्या घराला जी जाळी लावलेली आहे तिची भोके मुद्दाम इतक्या मापाची ठेवली आहेत की रोपालिडिया ये-जा करू शकेल आणि व्हेस्पा ट्रॉपिकाला आत शिरता येणार नाही. लुटणारी आणि लुटली जाणारी एकाच कुळातल्या, आणि वंशवृक्षात पाहिले तर एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या.

हे कुळ म्हणजे व्हेस्पिडी. लिनियसने 1758 साली बऱ्याच डंख मारणाऱ्या माश्या व्हेस्पा या एकाच नावाखाली ठेवल्या होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात स्विस अभ्यासक आंरी द सोस्यूर यांनी या माश्यांवर मोठे ग्रंथ लिहिले आणि गट वाढत गेले. 1962 मध्ये ओवेन रिचर्ड्स यांनी तीन स्वतंत्र कुळे मानली होती: परागकण गोळा करणाऱ्या माश्यांचे एक, कुंभारणींचे एक आणि सामाजिक गांधीलमाश्यांचे एक. ही वाटणी सोयीची होती, पण ती राहणीवरून पाडलेली होती. 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाशी ज्यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले त्या जेम्स कार्पेंटर यांनी जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांच्या पद्धतीने संपूर्ण गट पुन्हा तपासला. हेनिग यांचा आग्रह असा होता की नाते ठरवताना केवळ साम्य मोजू नये. जे लक्षण समाईक पूर्वजात नव्याने उपजले आणि तिथून वारशाने आले, तेवढेच नात्याचा पुरावा म्हणून धरावे. कार्पेंटर यांनी तिन्ही कुळे एकात आणली आणि त्या एका कुळाची उपकुळे केली. त्यांच्या वृक्षात तीन सामाजिक उपकुळे एका फांदीवर आली: स्टेनोगॅस्ट्रिनी, पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी. फांदी एक, म्हणून समाजजीवनाचा उगमही एकदाच. शिडी जणू वृक्षावर व्यवस्थित बसली.

यातल्या पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी यांच्याविषयी वाद कधी नव्हता. पोलिस्टिनीमध्ये जगभर पसरलेली पोलिस्टिस, जुन्या जगातली रोपालिडिया आणि तिचे नातलग, अमेरिकेतली मिशोसिटारस आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत थव्याने नवी पोळी वसवणाऱ्या एपिपोनिनी येतात. व्हेस्पिनीमध्ये व्हेस्पा, व्हेस्प्युला, डोलिकोव्हेस्प्युला आणि आग्नेय आशियातली, रात्री उडणारी प्रोव्हेस्पा अशा चारच प्रजाती आहेत. या दोन उपकुळांचे सख्य प्रत्येक अभ्यासात टिकले. प्रश्न होता स्टेनोगॅस्ट्रिनींचा.

स्टेनोगॅस्ट्रिनी म्हणजे भारत-श्रीलंकेपासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांतल्या, लांब बारीक कंबरेच्या, हवेत एका जागी तरंगत राहणाऱ्या माश्या. ओढ्याकाठच्या दरडीखाली, गुहेच्या तोंडाशी, लोंबणाऱ्या बारीक मुळ्यांवर त्यांची घरे असतात. त्यांची एकेक गोष्ट पाहत गेले की ‘या आपल्या नेहमीच्या गांधीलमाश्यांच्या सख्ख्या बहिणी’ हे म्हणणे कठीण होत जाते. विश्रांतीच्या वेळी त्यांच्या पुढच्या पंखांची लांबट घडी होत नाही. पोळ्यासाठी त्या चिखल किंवा वनस्पतींचा भुगा वापरतात. सर्वांत विलक्षण म्हणजे त्यांच्या पोटातल्या द्युफूर ग्रंथीतून पांढरट, दाट लापशीसारखा स्राव निघतो. मादी त्या स्रावावर अंडे चिकटवते, पुढे अळी त्याच्याभोवती वेटोळे घालून राहते आणि आणलेले अन्नही त्यावर ठेवले जाते. त्यांच्यातल्या पॅरिश्नोगॅस्टर या प्रजातीच्या काही जाती हाच स्राव मुळीभोवती कड्यासारखा लावून मुंग्यांची वाट अडवतात. तेच काम पोलिस्टिस आणि मिशोसिटारस वेगळ्या रीतीने करतात. त्या पोटावरच्या ग्रंथींचा मुंग्यांना न सोसणारा स्राव पोळ्याच्या देठाला चोळतात. कुटुंबे अगदी लहान असतात. मलेशियातल्या लिओस्टेनोगॅस्टर फ्लावोलिनिएटा या जातीत जेरेमी फील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की माद्यांची वयाप्रमाणे रांग असते: सर्वांत वडील मादी अंडी घालते, ती गेली की पुढची, आणि रांगेत जी जितकी मागे तितकी ती अन्न आणण्याची जोखीम जास्त पत्करते. राणीपदाची ही वाट रोपालिडियाच्या वाटेहून निराळी आहे.

1998 मध्ये जर्मनीतल्या युर्गन श्मिट्झ आणि रॉबिन मॉरिट्झ यांनी डीएनएवरून वृक्ष काढला, तेव्हा स्टेनोगॅस्ट्रिनी सामाजिक फांदीवर न येता खूप आधी फुटलेल्या दिसल्या आणि त्यांच्या व इतर सामाजिक माश्यांच्या मध्ये एकट्या राहणाऱ्या कुंभारणी आल्या. याचा अर्थ उघड होता: एकत्र राहणे दोनदा, स्वतंत्रपणे उपजले. कार्पेंटर यांनी 2003 मध्ये या अभ्यासातल्या विश्लेषणावर सविस्तर टीका केली. 2007 मध्ये हेदर हाइन्स, जेम्स हंट, सिडनी कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी चार जनुकांचा पुरावा घेऊन पुन्हा दोनदा असाच निष्कर्ष काढला. 2010 मध्ये कर्ट पिकेट आणि कार्पेंटर यांनी शरीररचना, वर्तन आणि डीएनए एकत्र तपासून एकदाच या मताला पुष्टी दिली. दोन्ही बाजूंचे आक्षेप खरे होते. चार जनुके हा फार थोडा पुरावा आहे, हे एका बाजूचे म्हणणे. जे वर्तन कितीदा उपजले हे ठरवायचे आहे तेच वर्तन नात्याचा पुरावा म्हणून वृक्षात घातले तर उत्तर आधीच ठरून जाते, हे दुसऱ्या बाजूचे. मला स्वतःला दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, पण पहिल्या आक्षेपाशिवाय पुढचे काम झाले नसते.

ते काम 2017 आणि 2018 मध्ये आले. आधी सारा बँक आणि सहकाऱ्यांचा, मग पॅट्रिक पिएकार्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. दुसऱ्यात 136 जातींमधली 378 जनुकस्थाने तपासली होती. दोन्हींनी स्टेनोगॅस्ट्रिनींना सामाजिक फांदीवरून वेगळे काढले. आणि पिएकार्स्की यांच्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये दुसरे नाव जेम्स कार्पेंटर यांचे आहे. त्याच्या छत्तीस वर्षे आधी ज्यांनी एकाच उगमाचा वृक्ष काढला, ज्यांनी त्याच्या बाजूने वर्षानुवर्षे नेटाने वाद घातला, त्यांनी तो वृक्ष मोडणाऱ्या पुराव्याखाली स्वतःची सही केली. विज्ञानाविषयीचा माझा आदर ज्या मोजक्या गोष्टींमुळे टिकून आहे, त्यांत ही एक आहे.

एकदा की दोनदा, याने इतका फरक का पडावा? कारण उत्क्रांतीत आपल्याला प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही; निसर्गाने स्वतंत्रपणे केलेले प्रयोग मोजणे एवढेच हाती असते. विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये मांडले की मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांमध्ये नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे एकाच बापाच्या सख्ख्या बहिणींचे नाते तीन चतुर्थांश भरते, म्हणजे आई-मुलीच्या नात्याहूनही जास्त, आणि म्हणून बहिणी वाढवणे फायद्याचे ठरू शकते. रोपालिडिया मार्जिनाटाच्या पोळ्यात मात्र राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते आणि राण्याही एकामागून एक बदलतात, त्यामुळे कामकरी माशी जिला वाढवते ती पुष्कळदा तिची पुरती सख्खी बहीण नसतेच. एका उगमावरून नियम काढता येत नाही. दोन उगम हाती आले तर विचारता येते की दोन्ही वेळा कोणती परिस्थिती सारखी होती आणि कोणती नव्हती. डंख मारणाऱ्या माश्यांच्या मोठ्या वृक्षात असे उगम आणखीही आहेत: मुंग्या ही मधमाश्या व त्यांच्या शिकारी नातलगांची बहीणफांदी आहे असे 2013 पासूनच्या अभ्यासांत दिसत आले आहे, आणि त्या शिकारी माश्यांमध्येच मायक्रोस्टिग्मस नावाची एक चिमुकली माशी आहे, जिचे कोस्टा रिकातल्या ताडवर्गीय पानांखालचे सामाजिक घर रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1968 मध्ये जगापुढे आणले. या सगळ्यांत व्हेस्पिडीचे महत्त्व असे की एकाच कुळात एकट्या राहणाऱ्या, लहान कुटुंबाच्या आणि हजारोंच्या वसाहतींच्या माश्या शेजारी शेजारी मिळतात.

2018 च्या निबंधातला अधिक खोल भाग राणी आणि कामकरी यांच्याविषयी आहे. शिडीच्या कथेनुसार आरंभी सर्व माद्या जन्मतः सारख्या असायला हव्यात. कोण राणी आणि कोण कामकरी हे मोठेपणी झटापटीत ठरावे, आणि अळीच्या वयातच नशीब ठरण्याची रीत फार पुढे यावी. नव्या वृक्षावर लक्षणे मांडली तेव्हा पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनींच्या समाईक पूर्वजात हा भेद अळीपणापासूनच होता असे दिसले, आणि राणीविना एकत्र राहण्याची मधली पायरी तिथे सापडली नाही. मला हे वाचताना 1988 मधला एक भारतीय शोधनिबंध आठवला. गदगकर यांच्या गटाने रोपालिडिया मार्जिनाटाच्या कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या माद्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या, सर्वांना भरपूर खाऊ घातले, कोणाची दादागिरी नाही की राणीचा धाक नाही. तरीही साधारण निम्म्यांनीच अंडी घातली. म्हणजे काही जणींचा कल अळी असतानाच, बहुधा मिळालेल्या खाण्यावरून, ठरून गेला होता. या निबंधाच्या सहलेखकांत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले अनिल गोरे होते. दिसायला सर्व माद्या सारख्या असलेल्या, शिडीवर व्हेस्पाहून खालच्या पायरीला बसवलेल्या या माशीत असा भेद सापडावा, हे तेव्हा अनपेक्षित होते. तीस वर्षांनंतरच्या वृक्षात मात्र ते आपल्या जागी चपखल बसते.

वृक्ष बदलल्यावर कुंभारणींचे उपकुळही जसेच्या तसे राहू शकले नाही. ‘सामाजिक नसलेल्या त्या सगळ्या’ अशी त्या गटाची ओळख होती, आणि नकारावर बांधलेला गट नात्याच्या कसोटीला उतरत नाही. आजोबांची सगळी नातवंडे मोजायची आणि केवळ मुंबईला गेलेल्या एका मुलाची मुले वगळायची, तर जे उरते त्याला घराणे म्हणता येत नाही. कुंभारणींचे तसे झाले होते. त्यांच्यातल्या झेथस आणि तिच्या नातलग माश्या उरलेल्या कुंभारणींपेक्षा पोलिस्टिनी-व्हेस्पिनींना अधिक जवळच्या निघाल्या, म्हणून त्यांचे झेथिनी हे वेगळे उपकुळ मानावे लागले. झेथसच्या अनेक जाती मातीऐवजी पानांचे तुकडे चघळून घर बांधतात. चघळलेल्या पानाकडून कागदाकडे जाणारी वाट इथे दिसते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. आफ्रिकेतली सिनाग्रिस कॉर्नुटा ही कुंभारीण एकटी राहूनही मडके बंद करून निघून जात नाही. ती अळीला रोज चघळलेले मांस भरवते, हे एमिल रूबो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले होते. ती झेथिनीतली नाही. म्हणजे अळीला हाताने वाढवणेही एकाहून अधिक वेळा उपजलेले आहे.

आणि हे केवळ मोठ्या फांद्यांपुरते नाही. रोपालिडिया या एकाच प्रजातीत खिडकीवरची शांत राणीची मार्जिनाटा आहे. तिच्याच शेजारी पोळे करणारी सायाथिफॉर्मिस आहे, जिच्यात राणी पोळ्यावर सर्वांत दांडगी असते. आणि दक्षिण भारतातल्या डोंगरांत मोंटाना आहे, जी थव्याने स्थलांतर करून वेष्टनाने झाकलेली प्रचंड पोळी वसवते. थव्याने वसाहत करण्याची रीत अमेरिकेतल्या एपिपोनिनींनी, आफ्रिका-आशियातल्या पॉलिबिऑइडिसने आणि प्रोव्हेस्पानेही आपापल्या परीने गाठलेली आहे. मार्जिनाटाची राणी मुळात दांडगी होती आणि नंतर गंधावर भागवू लागली, की शांतपणा जुना आणि दांडगाई नवी, हे ठरवायचे तर रोपालिडियाच्या जातींचा आपापसातला वृक्ष तितक्याच बारकाईने काढावा लागेल, आणि त्यासाठी सह्याद्रीपासून आसामपर्यंतच्या छपरांखालच्या, कपारींतल्या आणि फांद्यांवरच्या पोळ्यांमधले नमुने लागतील.